बिल्ड आणि लिंकरच्या चुका शोधणे प्रात्यक्षिकात शिकवले जावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव, विटा या गावांतील महाविद्यालयांत संगणकाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रकल्पांच्या बातम्या आपल्या दैनिकात छापून येतात, आणि त्या वाचून माझ्यासारख्या या व्यवसायातील माणसाला मनापासून आनंद होतो. मार्केट यार्डातील अडत दुकाने आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने यांच्यासाठी डेस्कटॉप संगणकावर चालणाऱ्या प्रणाली तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे प्रकल्पाच्या हंगामात ओळखीचे, शेजारचे आणि त्यांच्या ओळखीचे असे बरेच विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या बाबतीत जी एक गोष्ट मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे, ती शिक्षकांच्या, पालकांच्या आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, परंतु विषय तांत्रिक असल्यामुळे उदाहरणांशिवाय तो पटणार नाही.

हे विद्यार्थी प्रोग्राम लिहिण्यात कमी पडत नाहीत. हळदीच्या पेवाचा किंवा शीतगृहाचा साठा कसा मोजायचा, तोलाई आणि हमाली वजा करून शेतकऱ्याची पट्टी कशी काढायची, याचा विचार त्यांनी नीट केलेला असतो आणि फंक्शनेही बहुधा बरोबर लिहिलेली असतात. ते अडतात ते सर्व फाइली एकत्र करून चालणारा प्रोग्राम तयार करण्याच्या वेळी, म्हणजे ज्याला सगळे जण ‘बिल्ड’ म्हणतात त्या टप्प्यावर. पडद्यावर लाल अक्षरांत चाळीस-पन्नास ओळी येतात, त्यांतील एकही ओळ ओळखीची वाटत नाही, आणि सबमिशनची तारीख तोंडावर आलेली असते. अशा वेळी काही जण कोणाकडून तरी तयार प्रकल्प विकत आणतात आणि स्वतःच्या कष्टाचे काम बाजूला ठेवून देतात. ज्या कामात खरी बुद्धी लागते ते काम त्या मुलाने केलेले असते, आणि थोड्या पद्धतशीर तपासणीने सुटणाऱ्या अडचणीपायी ते वाया जाते, याचे मला फार वाईट वाटते.

याचे मूळ कारण असे की पहिल्या वर्षापासून प्रात्यक्षिकात जे प्रोग्राम करून घेतले जातात, ते जवळजवळ सगळे एकाच फाइलीत मावणारे असतात. अविभाज्य संख्या, मॅट्रिक्सचा गुणाकार, लिंक्ड लिस्ट असे प्रोग्राम लिहिताना फाइली एकमेकींना जोडणारा लिंकर नावाचा एक स्वतंत्र प्रोग्राम पडद्यामागे काम करतो, हे विद्यार्थ्याला कळण्याची वेळच येत नाही. शेवटच्या वर्षी तो एकदम दहा-पंधरा फाइली, एखादा डेटाबेस आणि बाहेरून आणलेल्या दोन-तीन लायब्ररी (तयार फंक्शनांचे संच) यांचा प्रकल्प हाती घेतो, आणि तोपर्यंत कधीच न शिकवलेला टप्पा त्याच्यापुढे उभा राहतो.

सी किंवा सी++ भाषेतील कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, एका वेळी एकच मूळ फाइल पाहतो. त्या फाइलीत दुसरीकडचे एखादे फंक्शन वापरलेले असेल, तर हेडर फाइलीतील (फंक्शनांची नावे आणि प्रकार सांगणाऱ्या फाइलीतील) घोषणेवर विश्वास ठेवून तो पुढे जातो आणि तयार होणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलीत ‘या नावाचे फंक्शन मला बाहेरून हवे आहे’ एवढी नोंद करून ठेवतो. आपल्याजवळ कोणती फंक्शने आहेत याचीही नोंद त्याच फाइलीत असते. लिंकरचे काम त्यानंतर सुरू होते. पेढीवरचा दिवाणजी संध्याकाळी येणे आणि देणे यांचा ताळा घेतो, तसा लिंकर सर्व ऑब्जेक्ट फाइलींतील मागण्यांचा आणि उपलब्ध नावांचा ताळा घेतो. मागणी आहे पण देणारा सापडत नाही, किंवा एकाच नावाचे दोन देणारे पुढे आले, की त्याचे काम थांबते. लिंकरच्या बहुतेक तक्रारी या दोन प्रकारांत बसतात, आणि एवढे समजले तरी लाल ओळींची अर्धी भीती जाते.

म्हणून माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्याला मी सर्वांत आधी विचारतो की ही तक्रार कोणाची आहे, कंपायलरची की लिंकरची. कंपायलरच्या तक्रारीत मूळ फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, तर लिंकरच्या तक्रारीत ऑब्जेक्ट फाइलीचे आणि न सापडलेल्या फंक्शनचे नाव असते. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या साधनात कंपायलरच्या चुकांचे क्रमांक ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि लिंकरच्या चुकांचे ‘एलएनके’ या अक्षरांनी. जीसीसी हा मुक्त कंपायलर वापरणाऱ्यांना मात्र शेवटची ओळ फसवते. ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ ही ती ओळ. लिंकर अपयशी ठरला, यापलीकडे तिच्यात काहीही माहिती नसते, पण ती सर्वांत खाली असल्यामुळे विद्यार्थी नेमका तिचाच फोटो काढतात, तीच मोबाईलवर शोधतात आणि मग भलत्याच प्रकल्पांसाठी दिलेली उत्तरे स्वतःच्या प्रकल्पात आणून चिकटवतात. खरे कारण तिच्या वर, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या भागात असते. व्हिज्युअल स्टुडिओत चुकांच्या यादीची खिडकी आणि आउटपुटची खिडकी अशा दोन खिडक्या असतात, त्यांपैकी आउटपुटच्या खिडकीत सर्व संदेश जसे घडले त्या क्रमाने दिसतात. यादीवर विसंबण्यापेक्षा आउटपुट वरून खाली वाचण्याची सवय फार उपयोगी पडते.

न सापडलेल्या नावाची तक्रार, म्हणजे जीसीसीतील ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा व्हिज्युअल स्टुडिओतील एलएनके २०१९, ही सर्वांत जास्त भेटणारी. तिचे सर्वांत साधे कारण म्हणजे ती फाइल फोल्डरमध्ये आहे, पण प्रकल्पात सामील केलेलीच नाही. विद्यार्थी पेनड्राइव्हवरून फाइल आणून फोल्डरमध्ये टाकतात आणि ती आपोआप बिल्डमध्ये येईल असे गृहीत धरतात. काही साधनांत ती येते, पण कोडब्लॉक्स किंवा व्हिज्युअल स्टुडिओच्या नेहमीच्या सी++ प्रकल्पात ती स्वतः जोडावी लागते. दुसरे कारण असे की हेडरमध्ये घोषित केलेले फंक्शन आणि प्रत्यक्ष लिहिलेले फंक्शन यांत बारीक फरक असतो. घोषणेत पूर्णांक असतो आणि व्याख्येत दशांश संख्या, किंवा क्लासबाहेर फंक्शन लिहिताना क्लासचे नाव आणि दोन दुहेरी टिंबे राहून गेलेली असतात. माणसाच्या डोळ्यांना ते एकच फंक्शन दिसते, पण सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटरचे, म्हणजे त्याला दिल्या जाणाऱ्या किमतींचे, प्रकारही गुंफतो. ‘ॲड’ या नावाचे दोन पूर्णांक घेणारे फंक्शन जीसीसीत ‘_झेड३ॲडआयआय’ असे होते. त्यातील ३ म्हणजे नावातील अक्षरांची संख्या आणि दोन ‘आय’ म्हणजे दोन पूर्णांक. हे एकदा फळ्यावर उलगडून दाखवले, तर पॅरामीटर बदलला की लिंकरच्या दृष्टीने नावच का बदलते, हे विद्यार्थी कधीही विसरत नाही. ‘एनएम’ नावाच्या आज्ञेने ऑब्जेक्ट फाइलीतील नावे पाहता येतात. तिच्या यादीत मोठे ‘यू’ अक्षर असलेले नाव बाहेरून हवे असते, आणि ‘टी’ अक्षर असलेले फंक्शन त्याच फाइलीत उपलब्ध असते. व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारी ‘डंपबिन’ ही आज्ञा तेच काम करते. प्रयोगशाळेत अर्ध्या तासात दाखवता येईल असे हे साधन आहे, पण शेवटच्या वर्षापर्यंत त्याचे नावही न ऐकलेले विद्यार्थी मला भेटतात.

याच गुंफलेल्या नावांमुळे आणखी एक अडचण येते. सी भाषेत नावे अशी गुंफली जात नाहीत. त्यामुळे सीमध्ये लिहिलेली लायब्ररी सी++ प्रकल्पात वापरताना तिची हेडर फाइल ‘एक्स्टर्न सी’ या बंधनात नसेल, तर लायब्ररी जागेवर असूनही नाव जुळत नाही. चांगल्या लायब्ररींच्या हेडरमध्ये ही सोय आधीच केलेली असते, म्हणून हा प्रश्न बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा मित्राकडून घेतलेल्या सी फाइलींमध्ये येतो.

लायब्ररी जोडली असूनही नाव सापडत नाही, अशी स्थिती लिनक्सवर आणि मिनजीडब्ल्यूवर (विंडोजसाठीच्या जीसीसीवर) क्रमामुळे येते. तेथील लिंकर आज्ञेतील फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्थिर लायब्ररीतून त्या क्षणापर्यंत मागितलेल्याच गोष्टी उचलतो. लायब्ररी आधी आणि तिचा वापर करणारी ऑब्जेक्ट फाइल नंतर लिहिली, तर लायब्ररी वाचताना कोणाची मागणीच नसते, आणि मागणी पुढे येते तेव्हा लायब्ररी मागे पडलेली असते. उपाय एवढाच की लायब्ररीची नावे आज्ञेच्या शेवटी लिहावीत. लिनक्सवर सी प्रोग्राममध्ये वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनसाठी गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते, कारण विंडोजवर त्याची गरज पडत नाही.

एका प्रकारावर मात्र मी मुद्दाम अधिक लिहितो, कारण त्यात विद्यार्थ्यांचे सर्वाधिक दिवस जातात. एका विद्यार्थिनीने हळदीच्या गोदामासाठी व्हिज्युअल स्टुडिओत सी++ मध्ये प्रणाली लिहिली होती आणि माहिती साठवण्यासाठी मायएसक्यूएल घेतले होते. हेडर फाइली सापडत होत्या, लायब्ररीचा पत्ता बरोबर होता, लायब्ररीचे नाव यादीत होते, तरीही मायएसक्यूएलच्या प्रत्येक फंक्शनसाठी एलएनके २०१९ येत होती. तिने लायब्ररी पुन्हा उतरवली होती, व्हिज्युअल स्टुडिओ काढून पुन्हा बसवला होता, आणि आता प्रकल्पच सोडून द्यावा असे तिच्या मनात होते. तक्रारीतील नावाकडे नीट पाहिले तर त्याच्या आधी एक अधोरेषा आणि शेवटी ॲट चिन्हासह एक आकडा होता. ही खूण ३२ बिट बिल्डची आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये नावांना अशी जोड लावली जात नाही. तिने उतरवलेली लायब्ररी ६४ बिटची होती आणि प्रकल्प ३२ बिटसाठी, म्हणजे ‘एक्स८६’ वर ठेवलेला होता. आउटपुटच्या खिडकीत बऱ्याच वर एलएनके ४२७२ ही सूचना हेच सांगत होती की लायब्ररीचा यंत्रप्रकार लक्ष्य यंत्रप्रकाराशी जुळत नाही. परंतु ती चूक नसून सूचना असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. वरच्या पट्टीतील यादीतून ‘एक्स६४’ निवडले, आणि त्या मांडणीसाठी हेडर व लायब्ररीचे पत्ते पुन्हा भरले, कारण व्हिज्युअल स्टुडिओ प्रत्येक मांडणीचे पत्ते वेगळे ठेवतो, आणि प्रकल्प बिल्ड झाला. त्या मुलीचा एकही प्रोग्राम चुकलेला नव्हता. मिनजीडब्ल्यूवर हाच प्रकार झाला, तर लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असे म्हणून लायब्ररी वगळतो आणि पुढच्या ओळीत ती सापडतच नाही असे सांगतो. फक्त ती पुढची ओळ वाचणारा विद्यार्थी मग समोर दिसत असलेली फाइल संगणकाला का सापडत नाही, या विचारात दिवस घालवतो.

डिबग (चुका शोधण्यासाठीचे बिल्ड) आणि रिलीज (वापरासाठी द्यायचे बिल्ड) यांची सरमिसळ हा याचाच भाऊबंद. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून लिंकर एलएनके २०३८ या चुकीतून स्पष्ट सांगतो की एका ऑब्जेक्ट फाइलीत ‘इटरेटर डिबग लेव्हल’ची किंमत ० आहे आणि दुसरीत २. म्हणजे लायब्ररी रिलीजची आणि प्रकल्प डिबगचा, किंवा उलट. दोन्ही एकाच प्रकारचे घ्यावेत, एवढाच त्यावर उपाय. दुसऱ्या कोणत्याही युक्तीने ती तक्रार दाबू नये, कारण ती दाबली तर प्रोग्राम चालताना कोसळण्याची शक्यता असते.

आता दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीकडे, म्हणजे एकाच नावाच्या दोन व्याख्यांकडे वळतो. येथे मला शिकवण्याच्या एका पद्धतीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. फंक्शन सापडत नाही अशी तक्रार आली की ती सीपीपी फाइलच, म्हणजे सी++ ची मूळ फाइलच, दुसऱ्या फाइलीत ‘इन्क्लूड’ करायची, असा तोडगा काही खासगी वर्गांत सर्रास सांगितला जातो. तो त्या वेळेपुरता चालतो. पण पुढे तीच फाइल प्रकल्पातही जोडली जाते किंवा आणखी एका फाइलीत इन्क्लूड होते, आणि तिच्यातील प्रत्येक फंक्शन दोनदा तयार होऊन ‘मल्टिपल डेफिनिशन’ किंवा एलएनके २००५ च्या ओळींनी पडदा भरून जातो. विद्यार्थी मग फंक्शनांची नावे बदलत बसतो. हेडरमध्ये घोषणा असावी आणि व्याख्या एकाच सीपीपी फाइलीत असावी, हा नियम आहे. क्लासच्या आत लिहिलेली फंक्शने, ‘इनलाइन’ फंक्शने आणि टेम्पलेट (अनेक प्रकारांसाठी एकदाच लिहिलेला साचा) हे त्याला अपवाद. टेम्पलेटची व्याख्या तर बहुतेक वेळा हेडरमध्येच ठेवावी लागते, कारण कोणत्या प्रकारासाठी ते वापरले जाणार आहे हे वापर करणाऱ्या फाइलीतच कळते. जागतिक चल, म्हणजे सर्व फंक्शनांना वापरता येणारे चल, हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ने घोषित करावे आणि एकाच फाइलीत त्याची व्याख्या करावी. हेडरच्या सुरुवातीचे ‘प्रॅग्मा वन्स’ या दोषापासून वाचवत नाही, कारण ते एका फाइलीत तेच हेडर दोनदा येऊ देत नाही एवढेच, दोन वेगळ्या फाइलींत ते येणारच.

जागतिक चलांबाबत आणखी एक प्रसंग हल्ली वारंवार येतो. विद्यार्थी सांगतो की हाच सी प्रोग्राम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बिल्ड होतो आणि घरी होत नाही. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पूर्वीच्या आवृत्त्या, सी भाषेत किंमत न देता लिहिलेले एकाच नावाचे जागतिक चल अनेक फाइलींत आले तरी गुपचूप एकत्र करत असत. जीसीसी १० पासून हे आपोआप एकत्र करणे बंद झाले. प्रयोगशाळेत जुनी आवृत्ती आणि घरी नवी आवृत्ती असेल, तर नवी आवृत्ती जो दोष दाखवते तो मुळात प्रोग्राममध्येच होता. २०२४ च्या जीसीसी १४ मध्येही असेच झाले. घोषणा नसलेले फंक्शन वापरले तर पूर्वी सी कंपायलर नुसती सूचना देऊन पुढे जात असे आणि खरी अडचण लिंकरपाशी उघड होत असे, आता कंपायलरच तेथे थांबतो. शिक्षकांनी प्रयोगशाळेतील आवृत्ती कोणती आहे हे जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून घेतले, तर असे गोंधळ लवकर उलगडतील.

आवृत्तीचा विषय निघाला की टर्बो सी++ विषयी लिहिणे भाग आहे. बोरलँड कंपनीने टर्बो सी++ १९९० साली बाजारात आणले, तर सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चे. आपल्या भागातील अनेक पिढ्या त्या निळ्या पडद्यावर शिकल्या आणि त्या साधनाचे उपकार मी नाकारत नाही. परंतु ६४ बिटच्या विंडोजवर ते १६ बिटचे साधन थेट चालत नाही, डॉसबॉक्ससारख्या प्रोग्राममधून ते चालवावे लागते. त्यावर शिकलेला विद्यार्थी आधुनिक कंपायलरकडे आला की पहिल्याच दिवशी ‘ग्राफिक्स.एच’ सापडत नाही, ‘क्लिअरस्क्रीन’साठीचे फंक्शन मिळत नाही आणि ‘व्हॉइड मेन’ जीसीसीचा सी++ कंपायलर नाकारतो. मिनजीडब्ल्यूत ‘कॉनिओ.एच’ आहे, पण टर्बोतील पडदा पुसणारे फंक्शन त्यात नाही. हे नीट सांगणारे कोणी नसल्यामुळे विद्यार्थी हेडर आहे म्हणजे फंक्शनही आहे असे धरून चालतो. टर्बोमध्येसुद्धा ग्राफिक्सचा प्रोग्राम करताना पर्यायांच्या यादीत लिंकरखाली ग्राफिक्स लायब्ररीवर खूण केली नाही, तर ‘इनिटग्राफ’ सापडत नाही अशी लिंकरची तक्रार येत असे. ‘तेथे टिक कर’ एवढेच आम्हा सगळ्यांना सांगितले गेले. ती खूण म्हणजे लिंकरला एक लायब्ररी जोडायला सांगणे आहे, हे त्याच वेळी समजावून दिले असते, तर पुढचा सगळा प्रवास सोपा झाला असता.

काही कारणे मात्र झटपट तपासून बाजूला ठेवता येतात. प्रोग्राम आधीच चालू असेल तर लिंकरला जुनी ईएक्सई फाइल पुसता येत नाही आणि एलएनके ११६८ किंवा ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येतो, टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम बंद करावा. एलएनके ११०४ मध्ये लायब्ररीचे नाव दिसले, तर नाव किंवा पत्ता चुकला आहे. ‘विनमेन’ सापडत नाही असे म्हटले, तर ‘मेन’ फंक्शन असलेली फाइल प्रकल्पात नाही, किंवा खिडकीचा प्रकल्प आणि कन्सोलचा प्रकल्प यांची निवड चुकली आहे. खिडक्यांचे प्रोग्राम लिहिण्यासाठी क्यूटी ही लायब्ररी वापरणाऱ्यांना ‘व्हीटेबल’ सापडत नाही असे दिसते, तेव्हा क्यूटीचे ‘मॉक’ हे साधन त्या हेडरवर चाललेले नसण्याची शक्यता मोठी असते, म्हणून क्यूमेक पुन्हा चालवून सर्व नव्याने बिल्ड करावे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे असतील तर काही जुनी साधने अडखळतात, म्हणून प्रकल्प एखाद्या छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणे सोयीचे. विंडोजची पत्त्यासाठीची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही त्यामुळे आड येत नाही.

घड्याळाची अडचण मात्र प्रयोगशाळांच्या प्रमुखांनी विशेष लक्षात घ्यावी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे बिल्ड करणारे साधन तयार केले, आणि आजही ते फाइलींच्या वेळेवरून ठरवते की कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असेल तर त्याचे घड्याळ मागे जाते. मग नुकतीच बदललेली फाइल जुन्या तारखेची दिसते आणि ती बिल्डमध्ये घेतलीच जात नाही. उलट, दुसऱ्या संगणकावरून आणलेल्या फाइलीची तारीख पुढची असेल तर ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ अशी सूचना येते. विद्यार्थ्याने दुरुस्ती केलेली असते, पण जुनाच दोष पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याचा स्वतःच्या आकलनावरचा विश्वास उडतो. मदरबोर्डवरील ती छोटी गोल बॅटरी बदलणे हा फार मोठा खर्च नाही. बॅटरी बदलेपर्यंत निदान ‘क्लीन’ करून सर्व फाइली पुन्हा बिल्ड करण्याची सूचना प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावी.

बिल्ड झाले म्हणजे सगळे संपले असेही नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम बाह्य परीक्षकांसमोर महाविद्यालयाच्या संगणकावर चालत नाही, अशी वेळ अनेकांवर येते. ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ किंवा ‘लिबएसटीडीसी++-६.डीएलएल’ सापडत नाही असा संदेश आला, तर तो दोष लिंकरचा नसून प्रोग्राम सुरू होताना लागणाऱ्या डीएलएल फाइली तेथे नसण्याचा आहे. व्हिज्युअल स्टुडिओत बांधलेल्या प्रोग्रामसाठी मायक्रोसॉफ्टचे रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज त्या संगणकावर बसवावे, मिनजीडब्ल्यूसाठी लागणाऱ्या डीएलएल फाइली ईएक्सईच्या शेजारी ठेवाव्यात किंवा ‘स्टॅटिक’ पर्याय देऊन त्या आतच घ्याव्यात, आणि क्यूटीसाठी ‘विनडिप्लॉयक्यूटी’ हे साधन वापरावे. इंटरनेटवरून सुटी डीएलएल उतरवून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कोणीही ऐकू नये. त्यातून ३२ आणि ६४ बिटची गल्लत होते, शिवाय अनोळखी ठिकाणची फाइल संगणकात शिरते. परीक्षेच्या आदल्या दिवशी, जेथे कोणतेही प्रोग्रामिंगचे साधन बसवलेले नाही अशा दुसऱ्या संगणकावर प्रकल्प चालवून पाहण्याची सक्ती मार्गदर्शक शिक्षकांनी केली, तर परीक्षेच्या दालनातील हा मनस्ताप टळेल.

सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी शिक्षण दिले जात आहे, आणि येथून शिकून गेलेले लोक मोठमोठ्या प्रणाली उभ्या करत आहेत. त्यामुळे ही मागणी आपल्या भागाला पेलणारी नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. माझी सूचना अशी आहे की दुसऱ्या सत्रापासून निदान एक प्रोग्राम तीन फाइलींत, म्हणजे एक हेडर आणि दोन सीपीपी फाइलींत विभागून करून घ्यावा, आणि तो प्रथम आज्ञावलीच्या खिडकीतून, कंपाइल आणि लिंक हे दोन टप्पे वेगळे ठेवून बिल्ड करायला लावावा. बटण दाबून होणाऱ्या बिल्डमध्ये हे टप्पे दिसत नाहीत, म्हणून हा आग्रह. त्यानंतर एका प्रात्यक्षिकात शिक्षकांनी मुद्दाम बिघडवलेला प्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावा, ज्यात एक फाइल जोडलेली नाही, एका फंक्शनचा पॅरामीटर बदललेला आहे, एका चलाची व्याख्या हेडरमध्ये आहे आणि एक लायब्ररी चुकीच्या बिटची आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक तक्रार जशी दिसली तशी जर्नलमध्ये उतरवावी, ती कंपायलरची की लिंकरची ते लिहावे, कोणत्या पुराव्यावरून कारण ओळखले ते लिहावे, आणि मग दुरुस्ती करावी. सध्याच्या जर्नलमध्ये फक्त बरोबर आलेले आउटपुट चिकटवले जाते, त्यामुळे चुकीपर्यंत पोहोचण्याचा विचार कोणी पाहतच नाही आणि त्याला गुणही मिळत नाहीत. तोंडी परीक्षेतही ‘तुमच्या प्रकल्पात बिल्डची कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली’ हा प्रश्न बाह्य परीक्षकांनी आवर्जून विचारावा. तयार प्रकल्प विकत आणलेल्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर देता येणार नाही, आणि ज्याने रात्री जागून स्वतः प्रकल्प उभा केला त्याला ते नीट सांगता येईल.

ज्या शिक्षकांना हे सर्व आधीपासून ठाऊक आहे आणि जे तासानंतर थांबून मुलांना शिकवतात, अशांना मी ओळखतो, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण अभ्यासक्रमात तासिका नसल्यामुळे त्यांनाही ते स्वतःच्या वेळेतून करावे लागते. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत या विषयासाठी निदान दोन प्रात्यक्षिकांची जागा मिळावी. असा बिघडवलेला नमुना प्रकल्प तयार करून देण्यास, तो विंडोज आणि लिनक्स अशा दोन्हींवर तपासून देण्यास आणि पहिल्या प्रात्यक्षिकाला विनामूल्य उपस्थित राहण्यास माझी तयारी आहे. सांगली-मिरज परिसरातील ज्या महाविद्यालयांना त्याचा उपयोग होईल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
डेस्कटॉप प्रणाली तयार करणारा एक वाचक,
विश्रामबाग, सांगली